दुसऱ्या यंत्राचा प्रश्न

गणकयंत्रांच्या इतिहासात त्यांच्या वेगाचे आणि स्मृतीच्या विस्ताराचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु ही यंत्रे अखंड चालू कशी ठेवली गेली, आणि एकाच्या जागी दोन, चार किंवा शंभर यंत्रे मिळून एकच कारभार पाहू लागली तेव्हा त्यांच्यात बेबनाव होऊ नये म्हणून कोणता बंदोबस्त करण्यात आला, हा वृत्तांत बहुतांशी तंत्रज्ञांच्या दप्तरांतच पडून राहिला आहे. बँकेतील शिल्लक, रेल्वेतील राखीव जागा, शेअरबाजारातील सौदा यांवर आपण जो इतबार ठेवतो, तो या अपरिचित इतिहासाच्या भरवशावर ठेवतो. यंत्र बंद पडणे ही त्यातली सोपी आपत्ती. त्याच्या शेजारी दुसरे उभे करावे हा उपाय कोणालाही सुचतो. अवघड प्रश्न आला तो त्या दुसऱ्या यंत्राबरोबर. दोन्ही यंत्रे चालू आहेत, मधला संदेशमार्ग मात्र तुटला आहे, आणि प्रत्येकाला दुसरे मेले अशी खात्री वाटते आहे. अशा वेळी अंमल कोणाचा मानावा, या एका प्रश्नाभोवती हा सारा इतिहास फिरतो असे माझे मत आहे.

प्रारंभीची चिंता अर्थातच इतकी सूक्ष्म नव्हती. १९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांसमोर आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि इतक्या नळ्यांतली एखादी वरचेवर निकामी व्हावी हे ठरलेलेच होते. जॉन फॉन नॉयमन यांनी जानेवारी १९५२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दिलेल्या आणि १९५६ मध्ये छापून आलेल्या व्याख्यानांत हाच प्रश्न तत्त्वाच्या पातळीवर नेला. अविश्वसनीय अवयवांपासून विश्वसनीय देह घडवता येईल काय, असे त्यांनी विचारले, आणि एकच संकेत अनेक तारांवरून समांतर नेऊन जागोजागी बहुमत घेत गेल्यास ते साधेल, असे गणिताने दाखवले. या व्याख्यानांचे मोल मला विशेष वाटते ते यासाठी की, बहुमत मोजणारा अवयवही इतरांइतकाच चुकण्याजोगा आहे हे त्यांनी आरंभीच कबूल केले आणि ती कबुली हिशेबात धरली. न्याय करणाऱ्यालाही अपराधाची शक्यता आहे असे मानून व्यवस्था रचण्याची ही रीत पुढे या विद्येचा कणा ठरली, परंतु ती पचनी पडायला आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात व्यवहाराने सरळ मार्ग धरला. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी आयबीएमने बांधलेल्या आणि १९५८ पासून कामाला लागलेल्या सेज या व्यवस्थेच्या प्रत्येक केंद्रात एकासारखी एक अशी दोन महाकाय यंत्रे तैनात होती; एक आकाशाची पाहणी करी आणि दुसरे सज्ज राहून त्याची जागा घेण्याची वाट पाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या सेबर या आरक्षण-व्यवस्थेतही न्यूयॉर्कजवळील ब्रायरक्लिफ मॅनर येथे दोन यंत्रे अशाच रीतीने मांडली होती. याहून धाडसी प्रयोग बेल कंपनीने केला. न्यू जर्सीतील सक्कासुना या गावी १९६५ मध्ये सुरू झालेल्या तिच्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक दूरध्वनी-केंद्रात दोन नियंत्रक एकाच वेळी तेच काम करीत आणि आपल्या उत्तरांची क्षणोक्षणी रुजवात घालीत. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांहून अधिक काळ केंद्र बंद राहू नये, हे त्याचे उद्दिष्ट होते. परंतु रुजवातीत तफावत निघाली म्हणजे दोघांपैकी एक चुकला एवढेच कळते; कोण चुकला हे कळत नाही. म्हणून प्रत्येक नियंत्रकाला स्वतःची तपासणी करण्याचे पाठ द्यावे लागले, आणि त्या केंद्राच्या आज्ञावलीचा मोठा भाग दूरध्वनी जोडण्यापेक्षा स्वतःचे दोष शोधण्यातच खर्ची पडला. दोन साक्षीदारांच्या विसंवादाचा निकाल दोघांच्याच साक्षीवरून लागत नाही, ही अडचण येथे प्रथमच स्पष्टपणे उभी राहिली.

याच सुमारास दुसऱ्या दिशेने, केवळ सुरक्षिततेसाठी नव्हे तर वेगासाठीही, एका यंत्रात अनेक प्रोसेसर बसवण्याची कल्पना पुढे आली. बरोज कंपनीचे १९६२ चे डी-८२५ हे यंत्र त्यातले आद्य. त्यात चार प्रोसेसर एकाच सामाईक मेमरीवर काम करीत. सामाईक मालमत्ता आली की तंटा आलाच. दोन प्रोसेसरांनी एकाच आकड्यावर एकाच क्षणी फेरफार आरंभला तर त्यातला एक फेरफार नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाल्याचा मागमूसही राहत नाही. डच गणिती एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये अवघ्या एका पानाच्या लेखात हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला आणि कितीही प्रोसेसर असले तरी एका वेळी एकालाच सामाईक जागेत प्रवेश मिळेल अशी रीत सिद्ध करून दाखवली. त्या एका पानातून परस्पर-वर्जनाचे एक संपूर्ण शास्त्र निघाले.

पुढे मेमरी प्रोसेसरच्या मानाने मंद ठरू लागली, तेव्हा प्रत्येक प्रोसेसरजवळ कॅश नावाची छोटी, वेगवान मेमरी ठेवण्यात आली, आणि त्या सोयीबरोबरच एकाच आकड्याच्या अनेक नकला यंत्रभर पसरल्या. एका प्रोसेसरने आपल्या नकलेत दुरुस्ती केली, तर शेजाऱ्याजवळची नक्कल त्या क्षणापासून शिळी होते, आणि शेजाऱ्याला त्याची वार्ताही नसते. १९८३ मध्ये जेम्स गुडमन यांनी सुचवले की सर्व कॅशांनी सामाईक मार्गावरची ये-जा सतत ऐकत राहावे आणि आपल्याजवळच्या आकड्यात दुसऱ्याने फेरफार केल्याचे ऐकू येताच आपली नक्कल रद्द करावी. पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी ही व्यवस्था अधिक रेखीव केली. त्यांच्या योजनेप्रमाणे प्रत्येक नक्कल बदललेली, एकट्याचीच, सामाईक किंवा रद्द या चारांपैकी एका अवस्थेत असते, आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचे नियम काटेकोर बांधलेले असतात. आपल्या मेजावरच्या संगणकातील आणि खिशातील फोनमधील प्रोसेसर त्याच घराण्यातील नियमांनी आजही एकमेकांशी इमान राखतात.

परंतु प्रत्येक आकडा सुसंगत ठेवला म्हणजे संपूर्ण कारभार सुसंगत राहतोच असे नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये दोन पानांच्या एका टिपणात दाखवून दिले होते. अनेक प्रोसेसरांच्या कृती कशाही मिसळल्या तरी अंतिम फळ असे असावे की, जणू त्या सर्व कृती एकामागून एक, एकाच रांगेत घडल्या आणि त्या रांगेत प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा क्रम अबाधित राहिला, अशी त्यांनी सुसंगतीची कसोटी घातली. कसोटी दिसायला इतकी स्वाभाविक की तिचा वेगळा उच्चार कशाला हवा असे वाटावे. प्रत्यक्षात मात्र वेगाच्या लोभाने आजचे बहुतेक प्रोसेसर ती पाळत नाहीत, आणि जेथे क्रम महत्त्वाचा आहे तेथे प्रोग्रामकर्त्याला क्रमबंधनाची खास आज्ञा द्यावी लागते. सामाईक मेमरीचा हा सारा तंटाच टाळणारा पंथही होता. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध केलेला परम ८००० हा महासंगणक त्याच पंथातला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाच्या प्रत्येक प्रोसेसरजवळ स्वतःची मेमरी होती आणि दुसऱ्याशी त्याचा संबंध केवळ संदेशांपुरता होता.

संदेशांपुरता संबंध ठेवण्याचे हेच तत्त्व अखंड कारभारासाठी ज्या कंपनीने सर्वांआधी बाजारात आणले, ती टँडेम. जिमी ट्रेबिग यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे तिची स्थापना केली आणि तिचे पहिले यंत्र १९७६ मध्ये सिटीबँकेकडे गेले. कंपनीच्या नावातच जोडी होती, आणि यंत्रातही जिकडे पाहावे तिकडे जोडीच दिसे. दोनपासून सोळापर्यंत प्रोसेसर, त्यांना जोडणारे दोन स्वतंत्र मार्ग, प्रत्येक उपकरणाला दोन प्रोसेसरांकडून पोहोचण्याची वाट, प्रत्येक डिस्कची आरशातल्यासारखी दुसरी प्रत, अशी ती रचना होती. तथापि या रचनेचा प्राण तिच्या आज्ञावलीत होता. महत्त्वाचे प्रत्येक काम दोन प्रोसेसरांवर जोडीने चाले. मुख्य काम करणारा आपल्या प्रगतीचा तपशील वेळोवेळी जोडीदाराकडे पाठवी, आणि मुख्य पडला की जोडीदार शेवटच्या तपशिलापासून सूत्रे हाती घेई. मुख्य पडला हे कसे कळावे, तर प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला, दोन्ही मार्गांवरून, आपण जिवंत असल्याचा संदेश इतर सर्वांना पाठवी. दर दोन सेकंदांनी प्रत्येक जण हजेरी घेई, आणि ज्याचा संदेश आला नसेल त्याला मृत ठरवून त्याच्या वाट्याचा कारभार वाटून घेतला जाई.

ही योजना विलक्षण यशस्वी झाली. बँका, शेअरबाजार आणि दूरध्वनी कंपन्या टँडेमच्या यंत्रांवर निर्धास्त झाल्या. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले होते. दोन सेकंद मौन म्हणजे मृत्यू, असे ते गृहीत. एखादा प्रोसेसर मेलेला नसून नुसता मंदावला असेल, आणि क्षणभराने जागा होऊन आपला जुना अंमल पुढे चालवू लागला, तर काय? टँडेमच्या अभियंत्यांना पुढे या प्रसंगासाठी वेगळी योजना करावी लागली, जिच्यात संशय उत्पन्न होताच सर्व प्रोसेसर पुन्हा गणती करून कोण आत आणि कोण बाहेर याचा एकमताने निर्णय करीत. दूरवरून पाहता मेलेला आणि मंदावलेला यांत भेद करता येत नाही, आणि तो भेद न करता आल्यामुळेच या विद्येतले बहुतेक कष्ट उत्पन्न झाले आहेत.

हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हता, याचा दाखला १० एप्रिल १९८१ रोजी जगाला मिळाला. कोलंबिया या अवकाशयानाचे पहिले उड्डाण त्या दिवशी व्हायचे होते. यानावर पाच संगणक होते. चार एकच आज्ञावली चालवीत आणि एकमेकांची रुजवात घालीत, आणि त्या आज्ञावलीतच मूळचा दोष निघाला तर पाचवा असावा म्हणून त्यासाठी वेगळ्या कंपनीकडून वेगळी आज्ञावली लिहवून घेतली होती. याहून अधिक सावधगिरी क्वचितच कोणी बाळगली असेल. उड्डाणाला सुमारे वीस मिनिटे उरली असता हा पाचवा संगणक चौघांशी मेळ साधीना, आणि उड्डाण तहकूब करावे लागले. शोध घेता निघाले ते असे की, चारांचा संच प्रथम सुरू होताना त्याची काळगणना किंचित पुढे-मागे होण्याची ६७ मध्ये १ इतकी शक्यता, फार पूर्वी केलेल्या एका दुरुस्तीतून, नकळत शिरली होती. नेमकी त्या दिवशी ती खरी ठरली. चारही संगणक एकमेकांशी पूर्णपणे सहमत होते आणि चारही सारखेच चुकले होते. संच बंद करून पुन्हा सुरू करताच मेळ जमला आणि यान १२ एप्रिलला उडाले. या प्रसंगात कोणताही संगणक बिघडला नव्हता, कोणतीही तार तुटली नव्हती. आपत्ती आली ती संख्या वाढवल्यामुळे जी एकवाक्यता सांभाळावी लागते, तिच्याच संधीतून.

विमानांसाठी असेच नियंत्रण रचण्याचे काम नासाने कॅलिफोर्नियातील एसआरआय या संशोधनसंस्थेकडे दिले होते, आणि त्या कामातून एक असा सिद्धांत निघाला की ज्याने फॉन नॉयमन यांच्या कबुलीला पूर्णत्व आले. तिघांपैकी एक बिघडला तर उरलेले दोघे बहुमताने निर्णय करतील, ही सर्वांची स्वाभाविक समजूत होती. मार्शल पीझ, रॉबर्ट शोस्टॅक आणि लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्ये सिद्ध केले की बिघडलेला अवयव जर एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगू लागला, तर तिघांत एकमत होऊच शकत नाही. त्यासाठी चौथा लागतो. सामान्यतः जितके दगाबाज सोसायचे त्यांच्या तिपटीहून एक अधिक इतके घटक हवेत. १९८२ मध्ये हाच विषय त्यांनी शहराला वेढा घालून बसलेल्या आणि केवळ जासुदांमार्फत मसलत करणाऱ्या बायझंटाइन सेनापतींच्या रूपात मांडला, आणि तेव्हापासून असत्य बोलणाऱ्या बिघाडाला त्या साम्राज्याचेच नाव चिकटले.

सुदैवाने बँकेच्या वा कारखान्याच्या यंत्रांना सहसा दगाबाजीची भीती नसते. त्यांचा बिघाड मौनाचा असतो. आणि मौनाच्या बिघाडावरचा जो तोडगा पुढे सर्वमान्य झाला, त्याचा वस्तुपाठ मॅसॅच्युसेट्समधील डिजिटल कंपनीने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टर या रचनेत मिळतो. अनेक स्वतंत्र व्हॅक्स यंत्रे, सोळापर्यंत, एका वेगवान दुहेरी मार्गाने जोडलेली. डिस्का सर्वांच्या सामाईक. वापरणाऱ्याला मात्र तो समूह एकाच यंत्रासारखा भासावा, आणि एक यंत्र दुरुस्तीला काढले तरी त्याच्या कामात खंड पडू नये, असा तो संकल्प होता. डिस्का सामाईक ठेवण्याची निवड टँडेमच्या अगदी उलट होती, आणि म्हणूनच तिच्यात जोखीम मोठी होती. एकाच सावकारी पेढीचे दोन मुनीम दोन गावी बसून एकाच खतावणीत लिहू लागले आणि मधली टपाल बंद पडली, तर पेढी बुडायला चोराची गरज उरत नाही. दोन प्रामाणिक मुनीमच ती बुडवतात.

या जोखमीवर डिजिटलच्या अभियंत्यांनी दोन बंधने घातली. पहिले लॉकचे. कोणत्याही फाइलला वा नोंदीला हात लावण्यापूर्वी समूहभर पसरलेल्या लॉक-व्यवस्थापकाकडून सनद घ्यावी लागे, आणि ती केवळ वाचण्यापुरती की एकट्याच्या पूर्ण अंमलाची, अशा सहा प्रतींत मिळे. या व्यवस्थापकाची खुबी अशी की तो कोण्या एका यंत्रावर बसलेला नव्हता. प्रत्येक वस्तूच्या लॉकांचे दप्तर समूहातील कोणत्या ना कोणत्या यंत्राकडे असे, आणि ते यंत्र पडले तर उरलेली यंत्रे आपापल्या सनदांवरून दप्तर पुन्हा उभे करीत. ओरॅकलसारख्या डेटाबेस कंपन्यांनी आपली सामाईक-डिस्कची उत्पादने प्रथम याच पायावर उभारली.

दुसरे बंधन मतांचे होते, आणि तेच मला या इतिहासाचे मर्मस्थान वाटते. १९७९ मध्ये रॉबर्ट थॉमस यांनी बहुमताने आणि डेव्हिड गिफर्ड यांनी भारित मतांनी विखुरलेल्या नकला सांभाळण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या होत्या. व्हॅक्सक्लस्टरने तेच तत्त्व यंत्रांच्या सदस्यत्वाला लावले. प्रत्येक यंत्राला मत दिलेले असे, एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते ही गणपूर्ती, आणि ज्या गटाजवळ गणपूर्ती नसेल त्याने डिस्केला हात न लावता तात्काळ थांबावे असा दंडक होता. दोन गट फुटले तरी निम्म्याहून अधिक मते दोघांजवळ एकाच वेळी असूच शकत नाहीत, हे साधे अंकगणित येथे सर्वोच्च न्यायाधीश झाले. यंत्रे दोनच असतील तर एका डिस्केलाच तिसरे मत देत, म्हणजे जो तिच्यापर्यंत पोहोचेल तो कारभारी. आणि समूहाने ज्याला मृत ठरवून वगळले आहे असे यंत्र काही क्षणांनी शुद्धीवर आले, तर आपण वगळले गेलो हे कळताच ते कोणाशीही वाद न घालता स्वतःला जाणीवपूर्वक बंद पाडी आणि नव्याने सुरू होऊन, रीतसर प्रवेश मागून, समूहात परत येई. व्यवस्थापकांना हा प्रकार आरंभी फार खटके. सुस्थितीतली यंत्रे केवळ मते कमी पडली म्हणून गोठून बसलेली पाहून कोणाचाही धीर सुटावा. ज्यांनी तो सोडून अपुऱ्या गटाला हाताने पुढे रेटले, त्यांच्यावर दोन परस्परविरोधी खतावण्या जुळवत बसण्याची पाळी आली. अखंड चालण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेने सर्वप्रथम थांबायला शिकावे, हे तिच्या कर्त्यांनी ओळखले, यात त्यांची खरी थोरवी आहे. नंतरच्या काळात युनिक्स आणि लिनक्सवरील समूहांनी याच दंडकाला आणखी कठोर रूप दिले. ज्याच्याविषयी संशय आहे त्याच्या सद्बुद्धीवर विसंबण्याऐवजी, उरलेल्यांनी त्याचा वीजपुरवठाच तोडावा आणि मगच त्याच्या डिस्का ताब्यात घ्याव्यात, अशी वहिवाट पडली.

व्हॅक्सचा आपल्याशीही संबंध आला. भारतीय रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ च्या सुमारास दिल्लीत डिजिटलच्या यंत्रांवरच सुरू झाले, आणि पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ मध्ये एकत्र जोडली गेली. एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये हा येथला सुसंगतीचा प्रश्न, आणि त्यावर योजलेला मार्ग शहाणपणाचा होता. प्रत्येक गाडीची नोंदवही पाचांपैकी एकाच केंद्राकडे ठेवण्यात आली. तिकीट कोठूनही मागावे, निर्णय मात्र त्या गाडीच्या केंद्राचा. सत्ता वाटून दिली की तंट्याचे मूळच छाटले जाते, हे कारभाराचे जुने सूत्र येथे उपयोगी पडले.

दरम्यान, ऐंशीच्या दशकातच सिद्धांताकडून एक कठोर निकाल आला होता. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले की, संदेश किती वेळात पोहोचेल याची हमी नसेल आणि एक घटक जरी बंद पडण्याची शक्यता असेल, तर ठरीव नियमांनी चालणाऱ्या घटकांत एकमत कधी ना कधी होईलच असे अभिवचन कोणतीही पद्धत देऊ शकत नाही. हा निकाल ऐकून विद्या थांबली नाही. चुकीचे एकमत कधीही होऊ नये हे अभंग ठेवावे, आणि लवकर एकमत होणे परिस्थितीच्या अनुकूलतेवर सोपवावे, अशी वाट तिने काढली. ब्रायन ओकी आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी एमआयटीत १९८८ मध्ये, आणि लॅम्पोर्ट यांनी जवळपास त्याच वेळी स्वतंत्रपणे, या वाटेने जाणाऱ्या रीती शोधल्या. लॅम्पोर्ट यांनी आपली रीत पॅक्सॉस नावाच्या ग्रीक बेटावरील एका काल्पनिक प्राचीन विधिमंडळाच्या इतिहासाच्या रूपात लिहिली, ज्याचे सभासद सभागृहात सतत ये-जा करीत आणि तरीही ज्याच्या ठरावांत कधी विरोध येत नसे. परीक्षकांना हा वेष रुचला नाही, आणि एका मूलगामी शोधाला छापून यायला १९९८ साल उजाडले. आज गूगलसारख्या कंपन्यांच्या केंद्रांत हजारो सर्व्हरांच्या डोक्यावर पाच-सात सर्व्हरांचे जे छोटे मंडळ बसवलेले असते, ते याच पॅक्सॉसच्या किंवा २०१४ मध्ये मांडलेल्या राफ्ट या तिच्या सुगम भावंडाच्या नियमांनी चालते. मार्ग तुटला असता सुसंगती राखावी की उपलब्धता, यांतून एकच निवडावे लागते, हे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेले आणि दोन वर्षांनी सेथ गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेले सूत्र मला त्या गोठलेल्या व्हॅक्सांच्या अनुभवाचेच गणिती रूप वाटते.

परंतु यंत्रांचे आपसांतले इमान कितीही पक्के केले तरी कारभार माणसांच्या हाती असतो. जिम ग्रे हे या क्षेत्रातले फार मोठे नाव. अनेक यंत्रांवर पसरलेला व्यवहार एक तर सर्वत्र पुरा व्हावा किंवा कोठेच होऊ नये, यासाठी आधी सर्वांची तयारी विचारून मगच पक्का हुकूम देण्याच्या द्विचरणी रीतीचे विवेचन त्यांनी १९७८ मध्ये केले होते. टँडेममध्ये असताना १९८५ मध्ये त्यांनी आपल्याच कंपनीच्या यंत्रांच्या बंद पडण्याची कारणे तपासून प्रसिद्ध केली, हा प्रामाणिकपणा व्यापारी जगात विरळाच. यंत्रभागांच्या बिघाडामुळे झालेले खंड पाचव्या हिश्शाहूनही कमी निघाले. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४२ टक्के, देखभाल, मांडणी आणि हाताळणी करणाऱ्या माणसांचा होता. आज्ञावलीतील दोषांविषयी त्यांचे निरीक्षण अधिक मार्मिक होते: तपासून बाहेर पडलेल्या आज्ञावलीत उरलेले दोष बहुधा क्षणिक योगायोगाचे असतात, म्हणून जोडीदाराने तेच काम थोड्या वेगळ्या परिस्थितीत पुन्हा केले की ते सहसा उद्भवत नाहीत. टँडेमची जोडी ज्यांच्यासाठी बांधली गेली त्यांहून अधिक आपत्तींतून का तरली, याचा उलगडा या निरीक्षणात आहे. ग्रे २००७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात आपल्या नौकेसह बेपत्ता झाले आणि पुन्हा सापडले नाहीत.

मुंबईच्या शेअरबाजारांनी हा सारा वारसा विकत घेतला आणि त्याची परीक्षाही पाहिली. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने १९९४ मध्ये पडद्यावरचे सौदे स्ट्रेटस कंपनीच्या यंत्रांवर सुरू केले, ज्यांत प्रोसेसरांच्या जोड्या पावलाला पाऊल लावून चालत आणि विसंवाद दिसताच आपणहून बाजूला होत. दलाल स्ट्रीटवरच्या जुन्या बाजाराने १९९५ मध्ये ओरडून होणाऱ्या सौद्यांची जागा टँडेमच्या यंत्रांना दिली. पुढे दोन्ही बाजारांनी दूरच्या शहरांत पर्यायी केंद्रे उभारली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे मुख्य केंद्र आणि जवळचे आपत्कालीन केंद्र यांना जोडणारे दूरसंचार-मार्ग, दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेले असूनही, खिळखिळे झाले. साठवण-यंत्रणा सर्व्हरांच्या आवाक्याबाहेर गेली, जोखीम मोजणारी व्यवस्था आंधळी झाली, आणि सकाळी ११.४० च्या सुमारास सौदे थांबवावे लागले. ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. जोखीम मोजता येत नसताना सौदे चालू न ठेवणे हे योग्यच झाले, असे मी म्हणेन. व्हॅक्सच्या कर्त्यांनीही तेच केले असते. परंतु कारभार दूरच्या केंद्रावर त्या दिवशी हलवला गेला नाही, आणि तो हलवावा की नाही हा निर्णय कोणत्याही यंत्राच्या हाती नव्हता.

शेअरबाजारांची नियामक संस्था असलेल्या सेबीने त्याच वर्षी मार्चमध्ये जो दंडक घातला तो म्हणूनच माणसांना उद्देशून होता. महत्त्वाची व्यवस्था कोलमडल्यास अर्ध्या तासाच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करावी, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत कारभार पर्यायी केंद्रावरून सुरू व्हावा, अशी मुदत तिने बांधून दिली. टँडेमचे प्रोसेसर ज्या निर्णयाला दोन सेकंद घेत, त्याला माणसांच्या मंडळीसाठी तीस मिनिटे मिळाली. याच तयारीची चाचणी म्हणून शनिवार, २ मार्च २०२४ रोजी दोन्ही बाजारांनी सुटीच्या दिवशी खास सत्र भरवले: सकाळचे पाऊण तास सौदे मुख्य केंद्रावरून चालले, मग कारभार पर्यायी केंद्रावर नेण्यात आला, आणि साडेअकरापासून तासभर खऱ्या पैशांचे खरे सौदे तेथून झाले.